दहा कोप्यांचा एक चहा

माझा दातांचा दवाखाना केजला आणि माझे निम्मे पेशंट दसरा झाला की जिल्ह्याबाहेर. दातांना तारा बसवल्या की दर महिन्याला दाखवायला यावं लागतं. त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की या. पट्टा पडल्यावर त्यांची लग्नं निघत, जत्रा निघत, पेरण्या निघत. दात राहून जात.

मग अलाइनर आले. पारदर्शक प्लास्टिकचे, दातांवर खोळीसारखे बसणारे. दर दहा दिवसांनी पुढच्या नंबरची खोळ चढवायची, खातापिताना काढायची, बाकी बावीस तास तोंडात. पेशंटनं दर शनिवारी खोळ घालून आणि काढून असे दातांचे फोटो अ‍ॅपवर टाकायचे. मी केजात बसून बघणार. ठीक असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. कंपनीचा माणूस याला रिमोट मॉनिटरिंग म्हणाला आणि पुढं अर्धा तास बोलत राहिला. मी तेव्हा मनातल्या मनात पेशंट मोजत होते.

पहिला मिळाला तो नांदूरघाटकडचा मुकादम. दहा कोयत्यांची, म्हणजे दहा जोडप्यांची टोळी घेऊन दरसाल कर्नाटकात जाणारा. उन्हाळ्यात लेक त्याला धरून घेऊन आली. ती पुण्यात नर्स आहे. पुढच्या वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. तिनं सरळ सांगितलं की घरात वडिलांचा हसरा फोटो एकही नाही, तिच्या लग्नात तो हवाच. मुकादमाचे दोन्ही वरचे सुळे शेजारच्या दातांवर चढून बसले होते. माणूस हसला की उपरण्याचं टोक आपोआप तोंडावर जायचं. माझ्यासमोरही त्यांनी उपरण्याआडूनच विचारलं, “म्याडम, ह्या वयात सरळ व्हतेत का?”

मी हो म्हटलं. वैशाखापर्यंत होतील असंही म्हटलं. मला तोंड आवरता येत नाही.

दसऱ्यानंतर टोळी गेली आणि शनिवारचे फोटो सुरू झाले. गाल ओढून धरायला दिलेला प्लास्टिकचा चाप पहिल्याच आठवड्यात बैलाच्या पायाखाली गेला. मग दोन बाजूंनी दोन स्टीलचे चमचे. चमचे धरणारे हात दर वेळी वेगळे. कधी हिरव्या बांगड्यांचे, कधी पाचटानं ओरखडलेले. मागं कधी उसानं भरलेली गाडी, कधी कोपी, म्हणजे टोळीतल्या कुणाची पाचटाची झोपडी, कधी वाळत घातलेलं लुगडं. अख्खा हंगाम मी एका माणसाच्या जबड्याआडून बघितला आणि खरं सांगते, मजा आली. शनिवारची मी वाट बघू लागले.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी फोटो उघडला आणि माझं डोकं सणकलं. डाव्या सुळ्यापाशी खोळ आणि दात यांत चांगली फट. खोळीची कड लाटेसारखी वाकडी, रंग पिवळट. मी लाल खूण दिली आणि लगेच फोन लावला. खोळ घालून ऊस खाता का, असं तिरसटपणे विचारलं. ते शांतपणे म्हणाले की ऊस तोडणारा माणूस ऊस खात नाही. मी म्हटलं, मग दिवसभर काढून ठेवता. तेही नाही म्हणाले. मी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. खोळ बसत नाही म्हणजे दात मागं राहिले. वैशाख काही माझ्यासाठी थांबणार नव्हता आणि ‘होतील’ हा शब्द माझा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला, तोंड उघडायला सांगितलं. फोन टोळीतल्या एका बाईच्या हातात होता. मी पुन्हा उसावरून बोलायला लागले तशी तिनं फोन स्वतःकडे वळवला.

“म्याडम, त्यो ऊस खात न्हाई,” ती म्हणाली. “धा कोप्यांत धा चहा पितो. वाफंचा, खोळ घालूनच.”

मुकादमांनी उपरणं तोंडाशी नेलं. मग म्हणाले, “काढून हातात धरायची, बायामान्सांपुढं, कसं दिसतं ते? अन् चहाला न्हाई म्हनावं, तर त्येंना वाटतं आमच्या कोपीतला चहा मुकादमाला चालंना.”

मी हसले, मग स्वतःचीच लाज वाटली. बावीस तासांचं गणित मी त्यांना दहादा समजावलं होतं, गरम पाण्यानं प्लास्टिक वाकतं हेही. पण जिथं माणूस सकाळपासून दहा दारांवरून जातो आणि प्रत्येक दारात चुलीवर चहा असतो, तिथं काय करायचं हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला चहा न देणं आणि दिलेला न घेणं, दोन्ही सारखंच लागतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी याच मातीतली आहे, तरी विसरले.

उपाय दोन झाले. पहिला माझा. आधीच्या दोन नंबरांवर परत जायचं. जुन्या खोळी टाकू नका असं मी सांगितलं होतं आणि त्यांनी त्या सगळ्या देवाच्या फोटोमागं डब्यात नीट ठेवल्या होत्या. दुसरा उपाय त्या बाईचा, तोच खरा. उसाच्या फडात जायच्या आधी पहाटे एकच पातेलं चढायचं. प्रत्येक कोपीतून एकीनं पाणी, एकीनं साखर, एकीनं पत्ती, कुणी दूध असं त्यात घालायचं. मुकादमानं गाडीआड जाऊन खोळ काढायची, तो दहा कोप्यांचा एक चहा प्यायचा, चूळ भरायची, खोळ चढवायची. नंतर दिवसभर कुणी विचारायचं नाही आणि कुणी रुसायचं नाही.

पुढच्या शनिवारी फट कमी झाली. तिसऱ्या शनिवारी बुजली. मी हिरवी खूण दिली आणि दवाखान्यात एकटीच टाळी वाजवली. तरी तीन आठवडे मागं पडलो होतो. हंगाम संपून टोळी परत आली, मी मुकादमांना तपासलं तेव्हा उजवा सुळा ओळीत होता आणि डावा अजून किंचित बाहेर. मी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, “लई झालं, म्याडम.”

लग्नाला मी गेले. पहिल्या पंगतीपासून बघत होते. व्याही काही बोलले, मुकादम हसले आणि हात उपरण्याकडे. टोळीतल्या बायांनी चेष्टा केली, परत तेच. दात सरळ झाले होते, पण चाळीस वर्षांची सवय माझ्या कुठल्याच खोळीत बसणारी नव्हती. लेक स्टेजवरून बघत होती. तिनं हातवारे केले, डोळे वटारले, उपयोग शून्य. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला.

मग पाठवणीची वेळ झाली. लेक गळ्यात पडली आणि मुकादम रडले, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. दोन्ही हात तिच्या डोक्यावर होते. उपरणं खाली पडलं होतं. मीही रडत होते, पण माझी नजर सवयीनं त्यांच्या डाव्या सुळ्यावर गेली. ते त्यांनी पाहिलं.

“म्याडम, आज शनवार न्हाई,” ते रडता रडताच म्हणाले आणि हसायला लागले. हात डोक्यावरून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अ‍ॅपवर एक फोटो आला. चमचे नव्हते. लेकीनं सासरी निघताना गाडीच्या खिडकीतून काढला होता. गाल ओले, उपरणं नाही, सगळे दात दिसतायत, डावा सुळा किंचित बाहेर. खाली तिनं फक्त विचारलं होतं, चालेल का. मी हिरवी खूण दिली.