पाऊण तासाचं नाशिक

भिवंडीहून नाशिकला जायचं तर आम्ही बायपासला उभे राहतो, मिळेल त्या गाडीला हात करतो आणि कसारा घाट चढून पोचतो. आत्याच्या मुलीच्या लग्नाला मात्र बाबांना विमानाने जायचं होतं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, म्हणून नव्या नोकरीच्या उत्साहात आत्याच्या मुलाने मुंबई–नाशिकची तिकिटं पाठवली होती. हे विमान कधी असतं, कधी नसतं. त्या आठवड्यात होतं.

"फक्त पाऊण तास, मामा," तो फोनवर म्हणाला. नारपोलीच्या कारखान्यात बाबांनी हे लूमच्या खडखडाटात ओरडून सगळ्यांना सांगितलं.

मी बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर वाढले. त्यामुळे लगेच सुरू झाले. विमानतळ उलट्या दिशेला आहे, विमानं उडवतात आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे तसेच ठेवतात...

"लीडर, तुझं भाषण मंग कर," बाबा म्हणाले. "मला विमानात बसायचं हाय."

मुहूर्त दुपारचा होता, आम्ही अंधारातच निघालो. काल्हेरला गोदामांचे कंटेनर आडवे होऊन अडकले होते. टॅक्सीत बाबा बांधून आणलेला फेटा मांडीवर धरून बसले होते. विमानतळावर तपासणीत तो उलगडायला लावला. बाबांना फेटा बांधता येत नाही, मलाही नाही. ते कापड तसंच गोळा करून आम्ही रांगेतून पुढे सरकलो. मग विमानाला उशीर असल्याचं कळलं. मग आणखी उशीर.

उडाल्यावर बाबा खिडकीला नाक लावून बसले.

"खाली आपली भिवंडीच का गं?"

"बहुतेक."

"मंग हितंच सोडायचं की आपल्याला."

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसणं. विमानतळ नाशिकच्याही पुढे, ओझरला. तिथून पुन्हा मागे.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा पायाखाली अक्षता लागल्या. आमच्यानंतर टेम्पोने निघालेला बाबांचा चुलतभाऊ फेटा बांधून नवरीच्या मागे उभा होता.

"दादा, तिनं किती वेळा विचारलं, मामा आला का," आत्या म्हणाली. "भटजी थांबेनात रे."

 चुरगळलेला फेटा बाबांनी माझ्या पिशवीत कोंबला. नवरी येऊन पाया पडली, तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्यावर बराच वेळ राहिला.

परतीचं विमान संध्याकाळचं होतं. बाबा न विचारताच टेम्पोत चढले आणि पातेल्यांशेजारी जागा करून बसले. मीही चढले. माझं भाषण तयार होतं, पण करायची ताकद नव्हती.

घाटात कुणीतरी विचारलं, "मामा, विमानानं किती वेळ लागला?"

"पाऊण तास," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.