न मारलेली उडी

"जेवून आलायस का?" बुद्धिबळाचा पट मांडण्याआधी आबांचा हा प्रश्न ठरलेला. समोरचा नाही म्हणाला, की सोंगट्या पिशवीतच राहायच्या. "उपाशी मानसाशी डाव न्हाई. हरला तर म्हनंल, भूक लागलीती." मग शेजारून वडापाव यायचा. समोरचा तो खायचा आणि पोटभर हरायचा.

कामशेतच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. आबा मळवलीकडचे भातशेतीवाले. मुलानं शेती हातात घेतली, तरी त्यांचं बाजारात येणं सुटलं नाही. माझ्या ओट्यावर त्यांचा पट असायचा. तुमच्याही बाजारात असा एखादा असेलच, ज्याच्यामुळे दुकानात गिऱ्हाईक कमी आणि गर्दी फार. मी कुरकुर करायचो, पण एक दिवस ते आले नाहीत तर माझंच कामात लक्ष लागायचं नाही.

आबांचं बुद्धिबळ जुन्या देशी रीतीचं. त्यात राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही त्याला एकदाही शह बसला नसेल तरच. हरायला आलेले डाव आबांनी या उडीवर फिरवलेले आम्ही पाहिलेत. औंढ्याहून लोक खेळायला यायचे, तेही या उडीला वचकून असायचे.

मळवलीला फार्महाउस असलेले पुण्याचे एक साहेब चष्म्याची काडी बसवायला आले आणि डाव बघत उभे राहिले. म्हणाले, "आबा, आता कॉम्प्युटरपुढे जगज्जेत्यांचाही टिकाव लागत नाही."

आबांनी वजीर हातात धरूनच विचारलं, "ते कसं काय?"

साहेबांनी सांगितलं, की पहिल्यांदा जगज्जेता यंत्राकडून सामना हरला तेव्हा बराच वाद झाला होता म्हणे. यंत्राला त्या खेळाडूचे जुने डाव ठाऊक होते, पण त्याला मात्र यंत्राचे डाव बघायला मिळाले नव्हते. शिवाय यंत्रामागे माणसं बसली होती.

"म्हंजी तो एकटा आन् हे गावजेवनाला आल्यागत?" आबा म्हणाले. "ह्याला काय सामना म्हनायचं?"

"तुम्ही खेळून बघा ना. हरलात तरी त्यात लाज नाही."

"लाज न्हाई तर खेळायचं कशाला?" आबा तडकले. "मी हरलो तर परत सोंगटीला हात लावनार न्हाई. पर राजाची उडी पायजे. दोघास्नीबी."

साहेब हसत हो म्हणाले. मला पंच केलं. मी चष्मेवाला, मला या भानगडीतलं काय कळणार!

पुढच्या रविवारी ओट्यावर लॅपटॉप आला. आबांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "ह्यानं खाल्लंय का?" साहेब म्हणाले, चार्जिंग पूर्ण आहे. तेव्हा कुठे आबा बसले. यंत्राची खेळी साहेब पटावर करायचे. आबा विचारात पडायचे आणि यंत्र पापणी लवायच्या आत उत्तर द्यायचं. आबांच्या कपाळावर घाम आला, तसा कुणीतरी दुकानातला पंखा ओट्याकडे वळवला.

शेवटी आबांचा राजा कोपऱ्यात कोंडला. अजून एकदाही शह बसला नव्हता, पण पुढच्या खेळीत मात दिसत होती. आबांनी राजा उचलला. आता उडी! गर्दीतून आवाज उठला. साहेब म्हणाले, "मारा. मी स्क्रीनवर तसा मांडून घेतो."

राजा तसाच हातात धरून आबांनी विचारलं, "ह्याच्या राजाची उडी शिल्लक हाय. ती हे कवा मारनार?"

"त्याला ती माहीतच नाही, आबा. शिकवलेलीच नाही."

"पर आपलं ठरलं व्हतं, दोघास्नी."

"अहो, यंत्र आहे ते! त्याला काय फरक पडतो?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मारा उडी." त्यांनी राजा परत जागेवर ठेवला आणि बाजूचं प्यादं सरकवलं. "ज्याला ठावंच न्हाई त्याच्याम्होरं मारायची, ती फसवनूक झाली." पुढच्याच खेळीला मात झाली.

मला वाटलं होतं, हात लावणार नाही हे बोलणं रागातलं. पण आबांनी पट माझ्या दुकानात ठेवून दिला. मी किती वाद घातला! तो सामना धड सामनाच नव्हता, म्हणालो. ते यंत्र हरलं असतं तर त्यानं काय सोडलं असतं? आबा म्हणाले, "त्यानं कुटं शब्द दिलता? म्या दिलता." कधी वाटतं, ते फार सरळ माणूस होते. कधी वाटतं, असला हट्टी म्हातारा दुसरा नसेल. साहेबांवर चिडावं, तर त्यांनीही मुद्दाम काही केलं नव्हतं.

गेल्या वर्षी आबा तळेगावच्या दवाखान्यात होते. मी न विचारता पट घेऊन गेलो आणि खाटेवर मांडला. त्यांच्याकडची बाजूही मीच लावली. म्हणालो, "आबा, हितं कोन बघतंय?"

ते पटाकडे बघत राहिले. डोळे असे लकाकले, की मला आशा वाटली. मी एक प्यादं पुढे सरकवलं आणि वाट बघू लागलो. आबांनी उजवा हात हळूच पांघरुणाखाली नेला, मांडीखाली घट्ट दाबून धरला आणि म्हणाले, "पट उचल रं. लवकर उचल."