मरळीला देवाचं तळं

माझ्या सासऱ्यांचं बूड एका जागी कधी टेकत नसे. वकिली सोडल्यावर तर ओटीवरून परसात, परसातून ओटीवर, मध्येच थांबून घड्याळाला किल्ली, आणि पुन्हा ओटीवर. मी साताऱ्याहून कुंभकोणमला सून म्हणून आलेली. माझाही जीव तिथे रमत नव्हता. घरात मराठी बोलत, पण तंजावरच्या मराठी राजांच्या काळातली, इतकी जुनी की पहिले काही महिने मला पोथीत राहायला आल्यासारखं वाटलं. उंबरठ्याबाहेर सगळं तमिळ. घरात चैन न पडणारी माणसं दोनच, मामंजी आणि मी. त्यामुळे आमचं जमलं.

मामंजींना नाद एकच, गळ टाकण्याचा. कांदासुद्धा न खाणारा हा कडक वैष्णव दर रविवारी नाचियार्कोविलच्या रस्त्याला एका जमीनदाराच्या तळ्यावर काठी धरून बसे. सोबतीला गावातले एक तमिळ डॉक्टर. सासूबाई तिकडे फिरकत नसत, म्हणून डबा आणि छत्री घेऊन मी जाई. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा ते बरं.

त्या तळ्यात मरळ नावाची मासळी होती. दांडगी, काळी, गळाला लागली की काठी वाकवणारी. डॉक्टर तिला बेडूक लावून पकडत आणि घरी नेऊन तळून खात. मामंजींना बेडूक चालणार नव्हता. त्यांनी तिरुभुवनमच्या विणकराकडून लाल रेशमाच्या टाकाऊ धाग्यांचा गोंडा आणला आणि तो गळाला बांधला. डॉक्टर पोट धरधरून हसले. पण पावसाळ्यात त्या गोंड्यावर मरळ अशी झडप घाली की हसणं डॉक्टरांच्याच अंगाशी आलं.

आता पकडलेल्या मरळीचं करायचं काय? खायची नाही. पुन्हा त्याच तळ्यात सोडावी तर पुढच्या रविवारी ती डॉक्टरांच्या कढईत. मामंजींनी यावर जो तोडगा काढला तो आमच्याच घराण्याला सुचू शकतो. घरातलं आंघोळीचं पितळी घंगाळ त्यांनी पळवलं. त्यात पाणी घालून मरळ ठेवायची, वर ओला पंचा झाकायचा, झटक्यात, म्हणजे तिकडच्या घोडागाडीत, घालायचं, आणि घोड्याला पळवत गावात आणून देवळाच्या तळ्यात सोडायची. तिथे मासा मारायला कोणाची छाती नाही. देवाचे मासे ते.

"अगे, हे जीव येथें सुखें राहतील," मामंजी म्हणत आणि तळ्याला हात जोडत. सासूबाईंनी ते घंगाळ पुन्हा न्हाणीघरात येऊ दिलं नाही. मला मात्र तेव्हा मामंजींचा फार अभिमान वाटे. पुण्य आणि करमणूक एका काठीवर साधणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

पुढे दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. देवळात गेले की मी माशांना चुरमुरे टाकी. पायऱ्यांशी लहान माशांची झुंबड उडे, ती दिसेनाशी झाली. चुरमुरे पाण्यावर तसेच तरंगत राहत, आणि खालून एखादी काळी पाठ सरके. आणि इकडे जमीनदारांचा निरोप आला, की तळ्यात मरळ उरलेली दिसत नाही, तेव्हा उन्हाळ्यात तळं उपसून दुसरे मासे सोडणार, मग गळबिळ बंद. मामंजींचं तोंड उतरलं. त्या रविवारांवर तर हा माणूस उभा होता.

मरळ का संपली ते कोडं मला त्याच आठवड्यात उलगडलं. मामंजींनी मरळ ओढली आणि दोघे घंगाळाकडे धावले. मी काठावरच होते. गोंडा जिथे पडला होता तिथे पाण्यावर लाल पिल्लांचा घोळका होता, कुंकू सांडावं तसा. मघापर्यंत एकत्र वरखाली होणारी ती पिल्लं आता सैरावैरा झाली. खालून दुसरे मासे आले, वरून बगळे. बघता बघता पाणी रिकामं झालं. मरळ भुकेने झडप घालत नव्हती, ती पोरांची राखण करत होती.

सासऱ्याला शहाणपण शिकवणारी सून म्हणून नाव निघेल, या भीतीने मी दिवसभर तळमळले. मग राहवेना, सगळं सांगून टाकलं, देवळातले लहान मासे आपल्याच मरळी गिळतात हेही. मामंजी येरझाऱ्या घालता घालता थांबले. त्यांना तसं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तर मग देवळाच्या तळ्यांतून काढून परत आणूं," ते म्हणाले. पण लगेच स्वतःच मान हलवली. "नाहीं. देवास दिल्हेलें परत घेतां येत नाहीं." करायला गेलो एक आणि झालं भलतंच, आणि ते निस्तरायची वाटही त्यांनीच देवाच्या नावाने बंद करून ठेवली होती.

तळ्यात आता पिल्लांचा एकच घोळका उरला होता, खाली त्याची राखणदार जोडी. मामंजींनी डॉक्टरांना बजावलं, पोरं मोठी होईपर्यंत गळ टाकायचा नाही. आणि ते स्वतः धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, बगळ्यांवर छत्री उगारत. त्या वयात! मला हसू येत होतं आणि रडूही.

ती पिल्लं जगली आणि जमीनदारांनी तळं उपसायचं रद्द केलं, हे आत्ताच सांगून टाकते. पण मामंजी राखणीला उभे राहिले त्याच सकाळी डॉक्टरांना धीर निघेना. त्यांची बोटं काठीवर सारखी चाळवत होती. "वकीलसाहेब, एकच, शेवटची," असं तमिळमध्ये म्हणत त्यांनी गळ फेकलाच, नेमका त्या लाल घोळक्यावर.

मामंजींनी छत्री टाकली आणि हात पुढे घातला. गळ त्यांच्या तळव्यात रुतला. डॉक्टर ओरडत पाण्यात शिरले. गळाला उलटा काटा असतो, तो आल्या वाटेने निघत नाही. पुढे दाबून, कातडीतून पार बाहेर काढून तोडावा लागतो. डॉक्टरांनी तो तसा काढला. मामंजींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मी त्यांचं मनगट धरलं होतं.

मी पदर फाडून हात बांधला. मामंजी पाण्याकडे बघत होते. घोळका जागच्या जागी होता, खाली काळी सावली फिरत होती.

"अगे," ते हळू आवाजात म्हणाले, "इतकें दुखतें काय हें?"

डॉक्टरांनी आपली काठी उचलली आणि तिचा दोरा गुंडाळून ठेवला.