पुढचा ब्रेक

कर्जतहून चौक गावाकडे जाताना मागून ट्रेलरचा हॉर्न वाजला की माझी मान आखडायची. माझी शंभर सीसीची जुनी गाडी चढाला दमायची आणि आरशात ट्रेलरचं तोंड मोठं होत जायचं. पण खालापूरच्या कारखान्यात रोज कामाला तर जायचंच होतं. मोठी गाडी घेतली की या सगळ्यांच्या पुढे निघून जाऊ, ही भीती संपेल, असं मनाने घेतलं होतं.

चुलतभावाने तशी गाडी घेतली, तेव्हा एका रविवारी मी ती चालवून बघायला मागितली. ताईला चौकला जायचं होतं, ती मागे बसली. पुढे एक कंटेनर होता. मी ॲक्सिलरेटरचा कान पिळला आणि गाडी एकदम उसळली. कंटेनर मागे पडला, पण लगेच वळण आलं आणि समोरून टेंपो. मी जन्मभर दाबत आलो तोच, पायाचा ब्रेक, जीव खाऊन दाबला. मागचं चाक आडवं सरकलं. टेंपोची काच, आतला ड्रायव्हर, त्याचं उघडं तोंड, सगळं माझ्याकडे येत होतं. शेवटी त्यानेच गाडी बाजूला घातली. आम्ही डांबर सोडून खडीत घसरलो आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यापाशी थांबलो.

ताई उतरली. मला हँडल सोडता येईना, तिने एकेक बोट सोडवलं.  मग ती म्हणाली, "तू त्या टेंपोकडंच बघत व्हतास रं. रस्त्याकडं बघितलंसच नाय."

हाताचा, पुढचा ब्रेक का लावला नाहीस, असंही तिने विचारलं. गाडी पालथी होते म्हणून, मी म्हणालो. कुणी सांगितलं, ते मला आठवेना.

ताई कर्जतला नवशिक्या बायकांना स्कूटर शिकवते. दुसऱ्या दिवसापासून तिने मला सकाळी गावच्या मैदानात उभं केलं, माझ्याच जुन्या गाडीवर. बाटलीतल्या पाण्याने मातीत रेघ ओढायची, हाताचा आणि पायाचा असे दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत तिथे थांबायचं, नजर लांब. पहिल्यांदा पुढचा ब्रेक लागला आणि गाडीचं नाक खाली गेलं, तेव्हा मी डोळेच मिटले. तिने पुन्हा करायला लावलं. रोज मैदानात जाताना नको वाटायचं.

मोठ्या गाडीचा विषय मी नंतर काढला नाही. परवा चौकच्या ढाब्यापुढे एक म्हैस अचानक रस्त्यावर आली. माझ्या हाताने आणि पायाने दोन्ही ब्रेक आपोआप दाबले. गाडी सरळ थांबली, तिच्यापासून हातभर अंतरावर. म्हैस निघून गेली. मी बाजूला गाडी लावली आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.