तांबडा बाबूदाचा, पांढरा दस्तगीरमामांचा

मटण शिजायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चुलीभोवती बसलेल्या माणसांनी करायचं काय? बोलायचं! आणि बोलणं सुरू झालं की एक किस्सा दुसऱ्याला हाताला धरून आणतो, दुसरा तिसऱ्याला. बावीस वर्षं मी लग्नाकार्यात चपात्या लाटतेय. आमचा सात बायकांचा संच आहे, मुरगूडचा. आजवर पीठ किती मळलं ते देवालाच ठाऊक, पण किस्से म्हणाल तर पोत्यानं निघतील. आणि त्यातले निम्मे एकाच जोडीचे!

जोडी म्हटलं की कुणाला क्रिकेटमधले ओपनर आठवतात, कुणाला सिनेमातले हिरो-हिरोईन. आमच्याकडं मात्र कुणी "जोडीला सांगितलंय न्हवं?" असं विचारलं, की समजायचं, आचाऱ्यांचं बोलणं चाललंय. एक बाबूदा आणि दुसरे दस्तगीरमामा. बाबूदा तांबडा रस्सा करणार, मामा पांढरा. तीस वर्षांत इकडचं तिकडं झालेलं नाही. बाबूदा अंगानं आडवा, आवाज असा की त्याला माईक लागत नाही. मामा काडीसारखे, डोक्यावर जाळीची टोपी, बोलणं हळू. पण शिवी देतील ती अशी नेमकी, की समोरचा घरी गेल्यावर भडकावा!

*

ही जोडी जमली कशी, ते मी जुन्या लोकांकडून ऐकलंय.

एका लग्नात नवरीकडच्यांनी बाबूदाला सांगितलं आणि नवऱ्याकडच्यांनी मामांना. कुणी कुणाला विचारलंच नाही! पहाटे दोघंही आपापला झारा घेऊन हजर. "चूल माझी!" "तुझ्या नावाची पाटी हाय काय?" झालं सुरू. तिकडं मटणाचं अळणी पाणी उकळायला लागलं, इकडं हे दोघे झारे उगारून उभे.

शेवटी नवरीचा आजा काठी टेकत आला. म्हणाला, "अळणी एकच हाय. निम्मं तू घे, निम्मं त्यो घील. एकानं तांबडा करा, एकानं पांढरा. आणि भांडायचं आसंल तर जेवणं झाल्यावर भांडा!"

जेवणं झाल्यावर दोघं खरोखरच भांडायला बसले. चहा आला, पान आलं, दिवस मावळला तरी उठेनात. उठले ते पुढच्या चार कार्यांची सुपारी एकत्र घेऊनच.

त्या लग्नातली नवरा-नवरी दोन वर्षांत वेगळी झाली. ही जोडी अजून टिकून आहे!

*

एकदा मात्र फाटलं. कारण विचाराल तर खसखस! मामांची खसखस बाबूदाच्या पाट्यावर कुणीतरी वाटली, एवढंच. आठवडाभर दोघांची तोंडं दोन दिशांना.

बाबूदानं रागारागानं एक कार्य एकट्यानं घेतलं आणि पांढऱ्याला कागलचा संपत आणला. बिचारा गुणी माणूस. पण बाबूदाचं तोंड काय गप बसतंय? "दस्त्या, नारळाचं दूध फुटू दिऊ नगंस!" "दस्त्या, आवर की लेका!" चौथ्या वेळी संपतनं झारा खाली ठेवला.

"माझं नाव संपत हाय."

"ठावं हाय गा," बाबूदा म्हणाला. "पर दस्त्याला शिव्या दिल्याबिगर मला तिखटाचा अंदाजच लागत न्हाय!"

संपत गेला निघून. पाहुणे यायची वेळ झालेली, पांढरा अर्धवट. मी आमच्यातल्या एकीला म्हटलं, "पळ, मामांच्या घरी फोन लाव." ती फोन लावायला दारापर्यंत गेली आणि तशीच हसत परत आली. मामा सकाळी सातपासून कार्यालयासमोरच्या टपरीवर बसून होते! टॉवेल खांद्यावर, झारा मांडीवर!

*

राधानगरीकडच्या एका बारशात पावसानं मांडवच उचलला. तिकडचा पाऊस काय विचारता! ताडपत्र्या दोनच. मी पिठाच्या पराती पदराखाली घेऊन उभी. बघते तर बाबूदानं आपली ताडपत्री मामांच्या पातेल्यावर धरलेली आणि मामांनी आपली बाबूदाच्या! दोघंही चिंब.

मी ओरडले, "अहो, आपापलं धरा की!"

बाबूदा म्हणाला, "माझ्यात पाणी पडलं तर मी परत आटवीन. ह्याच्यात पडलं तर ह्यो मरंस्तवर म्हणंल, बाब्यानंच पाडलं!"

आणि मामा टोपी पिळत म्हणाले, "सुमन, मी बी तेच सांगणार होतो."

*

पुण्याचा एक पोरगा मोबाईल घेऊन आला. त्याला व्हिडिओ करायचा होता. "काका, तांबड्याचं सिक्रेट काय?"

"सांगत नसतो," बाबूदा म्हणाला.

"मग पांढऱ्याचं?" मामांनी तर मानच फिरवली.

पोराचं तोंड पडलं. बाबूदाला दया आली असावी. त्याला बाजूला घेऊन त्यानं मामांचा पांढरा सगळा सांगून टाकला! तीळ किती, खसखस किती, दूध कधी घालायचं, आच कधी ओढायची. तिकडून मामांनी इशारा करून त्याला बोलावलं आणि बाबूदाचा तांबडा पार मिरच्या भाजण्यापासून सांगितला!

पोरगा चक्रावला. "म्हणजे तुम्हाला दोघांनाही दोन्ही येतं की!"

दोघं एकदम खेकसले, "छ्या! ते त्याचं काम हाय!"

*

आता जरा मनाला लागलेलं सांगते.

गेल्या वर्षी मामांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एका साखरपुड्यात मामा वाटी घेऊन माझ्या परातीपाशी आले. "सुमन, जरा चाखून सांग गं." माझा हातच थांबला. ह्या माणसानं आयुष्यात कुणाला चाखायला दिलं नव्हतं!

"का ओ मामा?"

"जीभ मेलीया गं माझी. साखर आणि राख सारखीच लागतीया." डोळे भरून आले त्यांचे. "बाब्याला सांगू नगंस. त्यो दुसरा गडी बघंल. आणि बिनजिभंच्या आचाऱ्याला कोण बोलावतंय? माझं काम गेलं तर मी घरात बसून काय करू?"

मी पोटात ठेवलं. माझ्या पोटात गोष्ट किती राहते ते आमच्या बायकांना विचारा! दुपारपर्यंत कळ काढली आणि गेले बाबूदाकडं.

तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "मला पंधरा दिस झालं ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? तीस वर्षं त्यो रोज माझा तांबडा चाखतोय आणि रोज शिव्या घालतोय. पंधरा दिस झालं, चाखतोय आणि 'बरा हाय' म्हणतोय! बरा? माझ्या तांबड्याला बरा म्हणतोय? तवाच वळखलं, गडी कामातनं गेला." मग सुरी रोखून म्हणाला, "मला कळलंय हे त्याला सांगशील तर बघ!"

म्हणजे बघा! मामांचं गुपित बाबूदाला सांगायचं नाही, बाबूदाचं मामांना सांगायचं नाही. मधल्यामधी माझा जीव जातोय!

*

त्या दिवसापासून बाबूदानं नवीनच सुरू केलं. दर कार्यात पांढऱ्याच्या पातेल्यापाशी जायचं, चाखायचं आणि बोंबलायचं. "काय गा, समुद्र उपसून आणलास काय?" म्हणजे मीठ जास्त. "दवाखान्यातल्या पेशंटासाठी केलायस?" म्हणजे कमी. आणि तोंड वाकडं करून नुसतंच "थू!" म्हटलं, की एक नंबर झालाय!

लोक हसायचे. जोडीची जुगलबंदी बघायला खुर्च्या ओढून बसायचे.

मामा मला हळूच म्हणायचे, "बाब्या खुळा हाय. शिव्या देतोय आणि फुकटात सगळं सांगून जातोय! त्याला वाटतंय, मला राग येतोय." आणि गालात हसत नारळाचं दूध वाढवायचे, नाहीतर मिठाची चिमूट टाकायचे.

मी पिठात तोंड घालून बसायची. हसू का रडू तेच कळायचं नाही.

*

असं वर्षभर निभावलं. पण गोष्ट फुटायची ती फुटलीच. कुणीतरी वावडी उठवली, "दस्तगीरला चव कळत न्हाय." दोन कार्यं हातची गेली. तिसरं होतं ते तात्यांचं.

तात्या म्हणजे पंचायतीला नुकतेच निवडून आलेले पुढारी. विजयाचं जेवण, पाचशे माणूस. आचारी यादी देतो आणि यजमान माल आणतो, ही आमच्याकडची रीत. त्याप्रमाणं सगळा बाजार, अगदी मिठापर्यंत, तात्यांनी स्वतः आणलेला. रस्सा तयार होत आला तसे ते दहाबारा कार्यकर्ते घेऊन चुलीपाशी आले. बाबूदा पांढऱ्याकडं निघालाच होता, तर त्याला हातानं अडवलं.

"बाबूराव, आज तुम्ही गप बसायचं. आधी मामा चाखून सांगतील. मग मी चाखणार. लोक काय काय बोलाय लागल्यात, ते खरं का खोटं, सगळ्यांदेखत कळू दे."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. इथं चूक झाली की मामा संपले, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

मामांनी वाटीत पांढरा घेतला. प्याले. तात्यांच्या तोंडाकडं बघितलं, बाबूदाच्या तोंडाकडं बघितलं. बाबूदानं दगडासारखं तोंड केलेलं. शिवी नाही, काही नाही. मामांनी ओठ पुसले आणि अंदाजानं ठोकून दिलं.

"मीठ कमी हाय."

तात्यांनी चाखलं. भुवया वर गेल्या. "कमी? मला तर बरोबर लागतंय!"

कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. एकजण खाकरला.

"थांबा," बाबूदा म्हणाला. पुढं झाला, पळीभर पांढरा तळहातावर घेतला, चाखला. मी त्याच्या अगदी समोर होते. मला त्याचं तोंड वाचता येतं. पांढरा एक नंबर झाला होता!

"तात्या, मामा बरोबर बोलतोय," बाबूदा म्हणाला. "कमीच हाय. लई कमी हाय." आणि मिठाची अख्खी पिशवी दातानं फाडून त्यानं पातेल्यात रिकामी केली. ढवळलं. मग आपल्या तांबड्याकडं वळला, तो चाखला. "आयला, ह्यात बी कमीच हाय की!" आणि दुसरी पिशवी फाडली!

तीस वर्षांत ज्याच्या तांबड्याला कुणी नाव ठेवलं नाही, तो माणूस हो!

आता तात्या काय बोलणार? दोन दोन उस्ताद एक सांगतात, आणि आपण कार्यकर्त्यांदेखत वेगळं बोलून बसलोय! त्यांनी परत एक घोट घेतला. मान आतल्या आत गेली, डोळे बाहेर आले.

"हां! आता कसं! आता खरी चव आली!" असं म्हणून ते तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. कार्यकर्त्यांनीही लगेच माना डोलावल्या. "लई भारी, तात्या!"

माझी दुसरी परात अजून मळायची होती. मी शेजारणीला म्हटलं, "पिठात मीठ घाल. दोन मुठी. बघतीस काय? घाल!"

पहिली पंगत बसली. पहिल्या पाच मिनिटांत पाण्याचे सगळे जार संपले. तात्यांचा भाऊ पाण्याची दुसरी गाडी आणायला पळाला. तांबडा खारट, पांढरा खारट, चपातीसुद्धा खारट! पण जेवणाला नाव कोण ठेवणार? यजमान स्वतः दारात उभे राहून सांगत होते, "जोडीनं आज कमाल केलीया!" एक म्हातारा पाहुणा चौथा तांब्या रिचवून एवढंच म्हणाला, "तात्या, आचारी झ्याक हाईत. पर ते मीठ कुठल्या दुकानातनं आणलंय, तेवढं बदला!"

झालं! त्या दिवसापासून तालुक्यात तात्यांच्या मिठाची बोंब झाली. मामांच्या जिभेचं नाव कुणी काढलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात गेलेली दोन कार्यं परत आली.

सगळं उरकल्यावर आम्ही चुलीमागं जेवायला बसलो. मी माझी वाटी हळूच बाजूला सरकवली होती. मामांनी पांढऱ्याची वाटी एका दमात संपवली, टोपी सारखी केली आणि ऐटीत बाबूदाकडं बघितलं.

"बघ बाब्या! म्या म्हटलं न्हवतं, मीठ कमी हाय?"

बाबूदानं आपली वाटी तोंडाला लावली ती तळ दिसेपर्यंत खाली घेतली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ते बाहीनं पुसलं आणि रिकामी वाटी पुढं केली.

"व्हय गा दस्त्या. वाढ आणखी एक."