फर्लांगाचा दगड

माझी आत्या सायकल शिकली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा धरायचा, आणि गच्चीवर पापड वाळत घालायला गेली तरी ती मधल्या पायरीवर थांबून दम खायची. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण आता जे लोक तिला अल्लीपूरकडच्या वाटांवर बघतात त्यांना वाटतं, ही बाई लहानपणापासून अशीच असणार.

आमचं घर हिंगणघाटला. वडिलांचं कापडाचं दुकान. आत्या त्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला आणि ती आमच्याकडे परत आली, ती आमच्या स्वयंपाकघरातच राहिली. मग कधीतरी तिनं वडिलांना सांगितलं की गावच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या कामाचं शिक्षण देतात, ते मी घेणार. वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिनं ते शिक्षण पुरं केलं. मग अल्लीपूरच्या बाजूच्या गावांसाठी एक जागा निघाली. राहायला खोली, स्वतःचा पगार. फक्त एक अट होती.

अट घातली दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी. त्या दक्षिणेकडच्या होत्या. हिंदी मोडकं, मराठी जवळजवळ नाहीच. आधीची नर्स बैलगाडीची वाट बघत बसायची, आणि ती पोचेपर्यंत मूल झालेलं असायचं किंवा सगळं बिघडलेलं असायचं. म्हणून आता नर्स सायकलवर गेली पाहिजे, एकटी. संक्रांत झाली की मी स्वतः बघेन, त्या म्हणाल्या. नाही जमलं तर जागा दुसरीला. आत्याच्या हातात तीन महिने होते.

मी तेव्हा नुकतीच नागपूरहून मॅट्रिक होऊन घरी आले होते. इंग्रजी शाळा, वसतिगृह. माझं मराठी ऐकून शेजारच्या बायका हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. मला कोणी बघू नये एवढीच माझी इच्छा असायची. पण घरातल्या बायकांत सायकल येणारी मी एकटीच होते. वसतिगृहाच्या आवारात मी लेडीज सायकल शिकले होते.

घरात मात्र वडिलांची उंच, काळी, मधे दांडा असलेली सायकल होती. माझ्या पाचवारी पातळात त्या दांड्यावरून पाय जाईना. आत्याचं नऊवारी लुगडं, कासोटा मारलेलं. तिला दांड्याची काही अडचण नव्हती. म्हणजे जिला येत होतं तिला बसता येईना, आणि जिला येत नव्हतं तिच्याच लुगड्याला ती सायकल मानवली. काठावर उभं राहून पोहायला शिकवावं तसं मी तिला शिकवलं.

आम्ही पहाटे निघायचो, जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत. वर्ध्याच्या रस्त्यावर, गाव संपलं की. मी कॅरियर धरून मागे धावायची. तोल तिला आठ दिवसांत आला. ती दोनदा पडली, दोन्ही वेळा उठून तिनं आधी सायकल नीट आहे का ते बघितलं. पण दम येईना. एक फर्लांग झाला की तिचा चेहरा लाल व्हायचा, मांड्या थरथरायच्या, आणि ती हात वर करून मला थांबायची खूण करायची.

त्या रस्त्याला मैलाच्या दगडांमधे फर्लांगाचे बुटके दगड आहेत, मैलाला आठ. तेच आमच्या उपयोगाला आले. पुरुष डाव्या पायडलवर पाय ठेवून, सायकल ढकलत, उजवा पाय मागून फेकून बसतात. आत्याला ते जमेना. एक तर गुडघा; आणि दुसरं तिनंच सांगितलं.

"भर रस्त्यावर अशी तंगडी फेकू वं मी? तुया बापाचं नाव हाय या गावात."

मग ती फर्लांगाच्या दगडाशी सायकल टेकवायची, दगडावर उभी राहायची, तिथून पाय दांड्यावरून घालून सीटवर बसायची आणि पाय मारत सुटायची. पुढच्या दगडाशी उतरायची. दगड असला की उतरायचं, दगड असला की चढायचं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

नियम मी केला. तीन दिवस सारखेच दगड, चौथ्या दिवशी एक जास्त. जमलं नाही तर परत तेवढेच. घाई नाही. शाळेत आम्हाला कवायत शिकवणाऱ्या बाई असंच करून घ्यायच्या. आत्याला हे पटलं, कारण पापड-लोणच्यातही ती हाताचा अंदाज असाच वाढवत गेली होती. घरी येऊन ती मांड्यांना तिळाचं तेल चोळायची आणि आईला सांगायची, "आज चार झाले." आई विचारायची, "पापड?"

थंडी वाढली तशा कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. पहाटे बाजाराला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची, आणि मला लपायला जागा उरली नाही. मी पदर डोक्यावरून ओढून धावायची. एकदा एका गाडीवानानं हाक मारली.

"ओ बाई, रस्त्याचे दगड मोजाले सरकारनं ठेवलं का तुमाले?"

आत्या दगडावर उभीच होती. वळून म्हणाली, "हो ना बाप्पा! तुया बैलाच्या आधी मोजून होते माये."

मागच्या चार गाड्यांवरची माणसं हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो आम्हाला ओळखीच्या माणसासारखा विचारायचा, "किती झाले बाई आज?" आणि ती सांगायची.

ज्या दिवशी ती आठ दगड न थांबता गेली, म्हणजे पुरा एक मैल, त्या दिवशी ती उतरली, मैलाच्या दगडाला टेकून उभी राहिली आणि ओच्यातली बोरं काढून खाऊ लागली. मला वाटलं होतं ती काही बोलेल. ती म्हणाली, "घे. गोड हायेत."

मला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिच्यामागे मीही मैलभर धावले होते. मी, जिला वसतिगृहात सगळ्या फिकट म्हणायच्या. माझा श्वास जोरात चालला होता, पण तुटला नव्हता. घरी गेल्यावर मी दोन भाकरी खाल्ल्या आणि आईनं तिसरी न विचारता वाढली.

आता माझ्या ओळखीच्या बायका मला विचारतात, या वयात कसं काय जमेल, आणि मी त्यांना एवढंच सांगते की आत्याचं वय त्या तीन महिन्यांत कमी झालं नाही. गुडघाही तोच होता. तिनं फक्त रोज पुढचा एक दगड बघितला, मैल बघितला नाही. आणि ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी ती घरी येऊन रडली नाही, जेवली.

वडील यातलं काही बोलायचे नाहीत. "लोक काय म्हणतीन" हे त्यांच्या तोंडावर दिसायचं, पण ओठांवर यायचं नाही. मग एका सकाळी आम्ही सायकल काढली तर चेनला नवं तेल होतं आणि सीटवर जाड कापडाची, हातानं शिवलेली गादी बसवलेली होती. टाके दुकानातल्या दोऱ्याचे होते. वडील अंगणात दात घासत होते.

"चेन कुरकुरत होती," ते म्हणाले, आणि पाठ फिरवली.

संक्रांत झाली. परीक्षेच्या दिवशी डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या. त्या ठेंगण्या आणि जीप उंच, म्हणून ड्रायव्हर एक लाकडी खोका बाळगायचा. त्यावर पाय देऊन त्या चढायच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. ही मुलगी इंग्रजी बोलते, ही मला सांगेल कोण काय म्हणतं ते, त्या म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसले. 

आत्या पुढे, जीप मागे. तीन मैल पक्का रस्ता. मी मनात दगड मोजत होते. चोवीस. ती एकदाही उतरली नाही. तिची पाठ ताठ होती आणि लुगड्याचा काठ चेनपासून दूर, मांडीखाली नीट दाबलेला. डॉक्टरीणबाईंनी ड्रायव्हरला दोनदा वेग वाढवायला सांगितलं, म्हणजे आत्याचा वेग वाढला होता.

मग ती पांदणीत वळली, काळ्या मातीच्या गाडीवाटेवर. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आम्ही तीन महिने पक्क्या रस्त्यावर शिकलो होतो. तिची नोकरी पांदणींवर होती. पांदणीला फर्लांगाचे दगड नसतात. दोन बाया इतक्या पहाटे उठून रोज इतकी आखणी करतात, आणि एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

गाडीच्या चाकोरीतून ती दीड मैल गेली, हलत, डुलत, पण गेली. गावात एका घरी आठवा महिना लागलेली सून होती. आत्या अंगणात उतरली, हात धुतले, आत गेली. तिनं तपासलं, पाय सुजलेत का ते बघितलं, सासूला काय खायला द्यायचं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या आणि मान हलवत होत्या. इथवर सगळं चांगलं झालं.

आत्या बाहेर आली. सायकल धरली. आणि उभी राहिली.

अंगण सारवलेलं, सपाट. भोवती काळी जमीन, तिच्यात औषधाला खडा सापडत नाही. ती इकडे बघते, तिकडे बघते. एव्हाना निम्मं गाव जमलं होतं. कुंपणापाशी एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "आता सायकल बाईवर बसते, पाह्य तू." हशा झाला. मला जीपच्या मागे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

सासूनं विचारलं, "काय पाह्यजे बाई तुमाले?"

"दगड," आत्या म्हणाली. अगदी साधेपणानं, पाणी मागावं तसं.

सासूनं शेजारणीला हाक मारली. दोघींनी विहिरीजवळचा धुणं धुवायचा दगड लोटत लोटत अंगणात आणला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, हा दगड कशाला? मला ठाऊक होतं, तरी मी आत्याला विचारलं.

"त्यायले सांग," आत्या म्हणाली, "चढाले दगड लागते. चालवाले नाई लागत."

मी तेवढं सांगितलं. माझी सवय अशी आहे की विचारलं तेवढंच बोलायचं. पण आठी गेली नव्हती. आणि मला पहाटेचे ते सगळे दगड दिसायला लागले. मी म्हणाले की तीन महिन्यांपूर्वी ही एक फर्लांग जाऊ शकत नव्हती. आज ही साडेचार मैल न उतरता आली आहे, मी मोजले आहेत. जिथे दगड नसेल तिथे ही सायकल हातात धरून चालेल, आणि तरीही गाडीच्या आधी पोचेल. आणि मग, कुठून सुचलं माहीत नाही, मी म्हणाले, "तुम्हीसुद्धा जीपमध्ये खोक्यावरूनच चढता."

बोलून झाल्यावर मी खाली मान घातली.

 ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं रोजच्यासारखा खोका जीपशी ठेवला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर पाय ठेवला, थांबल्या, खाली त्या खोक्याकडे बघितलं. मग वर चढून बसल्या.

"पहिल्या तारखेपासून," त्या म्हणाल्या. "तुझ्या आत्याला सांग."

मी वळले तर आत्या दगडावरून सीटवर बसून निघालीसुद्धा होती. तिला धावत जाऊन गाठावं लागलं. पांदणीत, चाकोरीतून, त्या सगळ्या लोकांसमोर मी पातळ सावरत धावले आणि ओरडून सांगितलं. ती थांबली नाही. थांबली असती तर परत चढता आलं नसतं. पण तिनं घंटी वाजवली, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत वाजवतच गेली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मधे मी चार दिवस अल्लीपूरला तिच्या खोलीवर राहून आले. एका सकाळी तिच्याबरोबर गावांतून फिरले. ती सायकलवर, मी मागे, कधी चालत, कधी धावत. एका घरासमोर दगड दिसला. मग दुसऱ्या घरासमोर. मग पुढच्या गावात. त्या सासूनं आपल्या लेकींना सांगितलं होतं, लेकींनी त्यांच्या नणंदांना. जिला दिवस राहिलेले असतील तिच्या दाराशी एक दगड, नर्सबाईसाठी. काळ्या रानात दगड मिळत नाही. लोकांनी नाल्यावरून, टेकाडावरून गाडीत घालून आणले होते. एकाला कोणीतरी हळद-कुंकू लावलं होतं. आत्या त्याला आधी हात लावून नमस्कार करते आणि मग त्यावर पाय देते.

"काय करू वं," ती म्हणाली. "पाय ठेवाले दिला अन् पूजा करून बसले."

परतताना भर पांदणीत तिच्या सायकलच्या ब्रेकचं रबर निसटलं. ती उतरली, बसवलं. आजूबाजूला दगड नव्हता. मी म्हटलं, चल, हातात धरून जाऊ. तिनं मागे बघितलं, पुढे बघितलं. कोणी नव्हतं. मग तिनं डाव्या पायडलवर पाय ठेवला, दोनदा ढकललं, आणि उजवा पाय मागून फेकून सरळ सीटवर बसली.

मी बघतच राहिले. "कधीपासून येतं तुला?"

"झाले की सहा-सात महिने."

"मग त्या दगडांवर काऊन चढतेस?" माझ्या तोंडून तिच्याच बोलीतला शब्द गेला.

"त्यायनं एवढ्या लांबून आणले ना," ती म्हणाली. "मायासाठी आणले."

आणि पाय मारत पुढे गेली. मी जुन्या सवयीनं मागे धावले. अल्लीपूरच्या पहिल्या घरापर्यंत मी तिच्या बरोबरीनं होते.