चार मुलखांची क्वायर

चर्चच्या क्वायरमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. होडीच्या तळाला पाणी साचतं तसे ते आपोआप साचतात. उपसायला मात्र एकच माणूस असतो, आणि आमच्याकडे तो माणूस म्हणजे मी. आठवडाभर शाळेत मुलांवर ओरडायचं, आणि शनिवारी संध्याकाळी कीबोर्डमागे बसून गाणाऱ्या मोठ्यांवर. दर ईस्टरला मी फादरना सांगते, हे माझं शेवटचं. ते "बरं" म्हणतात आणि पुढच्या सणाची गाणी हातात ठेवतात.

*

सांतानमामा म्हणजे आयुष्यभर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलेला माणूस. आवाज असा, की माईक नको. पण गाण्यात ते कायम मागे. आम्ही ओळ संपवून श्वास घेतो, तेव्हा त्यांचा शेवटचा शब्द येतो. एकदा मी कंटाळून म्हटलं, "मामा, जरा आमच्याबरोबर चला ना."

ते शांतपणे म्हणाले, "बाये, कोणीतरी मागे रवाक व्हया. नायतर तुमी फुडे आसात, ह्या कळतला कसा?"

मी कीबोर्ड बंद केला. त्या दिवशीची प्रॅक्टिस तिथेच संपली.

*

शिजी केरळची, इथल्या एका दवाखान्यात नर्स. मालवणी ती पेशंटकडून शिकली, तीही म्हाताऱ्या पेशंटकडून. क्वायरला पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "कशी आहेस?"

ती गोड हसून म्हणाली, "जीव नको झालो गो बाये, कंबर मोडली."

मी घाबरून खुर्ची पुढे केली. मग उलगडा झाला. वॉर्डात कुणालाही 'कशी आसास' विचारलं की हेच ऐकू यायचं, म्हणून तिला वाटलं, उत्तर हेच द्यायचं असतं.

मी तिला दुरुस्त केलं नाही. शनिवारी संध्याकाळी माझंही उत्तर तेच असतं.

*

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे आठवडे आले. शिजीच्या माहेरी तेव्हा मटण, मासे, अंडी सगळं बंद. तिने सांतानमामांना विचारलं, "मामा, तुमी काय सोडलात?"

"मटण."

"आणि मासे?"

मामांना प्रश्नच कळला नाही. बराच विचार करून म्हणाले, "मासे भाताबरोबरच येतत गो. मगे काय भात सोडू?"

*

सुशील झारखंडचा. चिरेखाणीवर दगड काढायला आलेला. कित्येक रविवार शेवटच्या बाकावर एकटा बसायचा. आवाज गोड म्हणून मीच त्याला क्वायरमध्ये ओढला आणि स्वतःचं काम वाढवून घेतलं. कारण नाताळात प्रत्येकाला आपल्या भाषेतलं गाणं हवं झालं. सांतानमामांना कोंकणी, शिजीला मल्याळम, सुशीलला सादरी. फादर वसईचे, त्यांना शुद्ध मराठी. भांडून भांडून दमल्यावर मी सांगितलं, एकच चाल, चार कडवी, चार भाषा. यापुढे कुणी बोलायचं नाही.

नाताळची मिस्साप्रार्थना संपल्यावर गावातली सगळ्यांत म्हातारी आंजेलिनमाय काठी टेकत माझ्याकडे आली. मी बोलणी खायची तयारी ठेवली.

"बाये," ती म्हणाली, "लॅटिन परत सुरू केलास? बरा केलास. आमच्या लहानपणी चर्चात असाच होता. काय एक कळा नाय, पण बरा वाटा."

*

पावसाळा सरता सरता एका शनिवारी मी प्रॅक्टिसला गेले, तर सुशील आधीच येऊन बसलेला. अंगावर खाणीतली लाल धूळ, जेवणाचा डबा हातात तसाच. मला बघून उठला.

"माँ नहीं रही, टीचर. आज मुझसे गाना नहीं होगा."

गाव दोन दिवसांच्या वाटेवर. दफन दुसऱ्या दिवशी सकाळीच होणार होतं. तो पोचणार नव्हता आणि त्याच्यासाठी कुणी थांबणारही नव्हतं. म्हणून तो इथे आला होता.

मी फादरना बोलावलं. सांतानमामांनी काही न विचारता घंटा वाजवायला घेतली, गावातलं कुणी गेलं की वाजवतात तशी. घंटा ऐकून माणसं येऊ लागली. दारात प्रत्येकजण विचारत होता, "कोण गेला?" आणि मामा सांगत होते, "सुशीलची आवय." जी त्याच्याशी कधी एक शब्दही बोलली नव्हती तीही माणसं घरच्या कपड्यांनिशी आत येऊन बसली. एकीच्या हातांना मासळीचे खवले तसेच होते.

फादरनी पुस्तक उघडून प्रार्थना सुरू केली. मृताचं नाव घ्यायची जागा आली, तसे थांबले.

"सुशील, आईचं नाव काय?"

सुशीलने तोंड उघडलं. नाव बाहेर येईना. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. शिजी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मागून सांतानमामा म्हणाले, "फादर, आवय म्हणा."

फादरनी पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग वाचू लागले, "हे प्रभू, आज आमची आवय तुझ्याकडे येत आहे..."